पेंढ्याचे रेडकू

सह्याद्रीच्या उतारावर, जिथे नदी अजून नदी झालेली नसते, खडकांना वाट विचारत खाली सरकणारी नुसती ओल असते, तिथे सावरघळ नावाचे लहानसे गाव आहे. श्रीनिवांतनाथ महाराजांनी आपल्या आयुष्याची शेवटची अकरा वर्षे या गावाला दिली. सावळेश्वराच्या देवळासमोर सावरीचे जुने झाड आहे. त्याच्या पारावर महाराज बसलेले असत. अंगावर एक घोंगडी, शेजारी पाण्याचा भोपळा. बोलणे थोडे, आणि त्यातही एक शब्द ओठांवर सदैव ठेवलेला: ‘असेल’. कोणी म्हणाले, जग मिथ्या आहे, तर महाराज म्हणत, ‘‘असेल.’’ कोणी म्हणाले, जग हेच एक सत्य आहे, तरी महाराज म्हणत, ‘‘असेल.’’ ज्यांना उत्तरे हवी असत ते वैतागून परत जात. ज्यांना प्रश्नाच्या शेजारी बसता येई ते थांबत. भाविकहो, ही कथा अशाच एका प्रश्नाची आहे.

गावाच्या वरच्या अंगाला गवळ्यांची सात घरे होती. त्यांतले शेवटचे घर साळूबाई झोरे हिचे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, पोटी मूल नाही, घरात धाकटा दीर धुळाप्पा आणि गोठ्यात तीन म्हशी. त्यांतल्या एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, काळ्या आभाळात एकच चांदणी राहून गेल्यासारखा. म्हणून तिचे नाव चांदरी. दर सोमवारी सावळेश्वराला खिरीचा नैवेद्य असे आणि त्या खिरीला दूध झोऱ्यांच्याच गोठ्यातले लागे. हा मान चार पिढ्यांचा. गावात सांगत की, झोऱ्यांच्या मूळपुरुषाची म्हैस रोज करवंदीच्या एका जाळीत शिरे आणि कोणी हात न लावता तिथे पान्हा सोडी. ती जाळी तोडली तेव्हा खाली देवाची पिंडी सापडली. साळूबाईला देव म्हणजे काय हे सांगता आले नसते. पण सोमवारी पहाटे आंघोळ करून, ओल्या केसांनी, चांदरीच्या दुधाची चरवी डोक्यावर घेऊन ती टेकडी उतरायची, तेव्हा तिच्या चालण्यातच एक स्तोत्र असायचे.

त्याच गावात नरहरशास्त्री राहत. बारा वर्षे काशीत न्यायशास्त्र शिकून आलेले, बुद्धीने तल्लख आणि जिभेने त्याहून तल्लख. घरात पत्नी मथुराकाकू. आठ महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती मुलगी कृष्णी चार वर्षांची होऊन तापात गेली. तेव्हापासून मथुराकाकू बोलल्या नव्हत्या. त्या सडा घालत, स्वयंपाक करत, देवळात येऊन खांबाला टेकून बसत. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता आणि डोळ्यांतून पाणीही आले नव्हते. शास्त्रीबुवा रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे बसून आत्म्याच्या अमरत्वावरचे श्लोक अर्थासह सांगत. गाव म्हणे, शास्त्रीबुवांचे धैर्य मोठे.

चैत्रातल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, चांदरीच्या तीन आठवड्यांच्या रेडकाने अचानक मान टाकली. चांदरी तेव्हा माळावर चरायला गेलेली होती. धुळाप्पाने घाई केली. त्या मुलखातल्या गवळ्यांची रीत अशी की, मेलेले रेडकू आईला दिसू द्यायचे नाही. दिसले तर तिचा पान्हा कायमचा आटतो असे ते मानत. म्हणून आई माळावरून परतण्याआधी रेडकू उचलायचे, त्याचे कातडे काढून मीठ-राख लावून वाळवायचे, त्यात पेंढा भरायचा, चार काठ्यांचे पाय लावायचे आणि ते सोंग गोठ्यात तिच्यापुढे उभे करायचे. वर खारे पाणी शिंपडायचे. आई चाटते, पान्हा सोडते, माणूस धार काढतो. धुळाप्पाने आजवर अशी किती रेडकू शिवली असतील! त्याचा हात या कामात सराईत होता.

शनिवारी सकाळी साळूबाई महाराजांच्या पाराशी आली. आली ती बसलीच. शास्त्रीबुवा तिथे पोथी घेऊन बसले होते.

‘‘काय झालं, साळूबाई?’’ महाराज म्हणाले.

‘‘चांदरी खात न्हाई, म्हाराज. पीत न्हाई. काल तिन्हीसांजेला माळावरनं पळत आली, रोज येती तशी. कोपऱ्यात बघितलं, आन् जी हंबराय लागली... तिला लई दुख झालंया. मला कळतंय.’’

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. ‘‘काय कळतंय तुला?’’

‘‘तिचं लेकरू गेलं, शास्त्रीबाबा.’’

‘‘अगं, कास तटतटली की जनावर ओरडतं. ते दुःख नव्हे, ते दूध! गाईचं एक वेळ मी ऐकून घेईन. पण म्हैस? चिखल दिसला की लोळणारी, मारलं तरी कान न हलवणारी म्हैस? आणि तिला शोक?’’ पारावर बसलेले चार लोक हसले, तसा शास्त्रीबुवांना चेव आला. ‘‘महाराज, शोकाला काय लागतं? स्मृती लागते. ‘होते’ आणि ‘नाही’ यांतला भेद कळावा लागतो. त्यासाठी भाषा लागते. आणि पुरावा यांच्याच गोठ्यात आहे की! हिचा दीर उद्या पेंढ्याचं रेडकू उभं करील, आणि ही शोकमग्न माता त्याला चाटून पान्हा सोडील. जिला पोटच्या पोरात आणि पेंढ्यात फरक कळत नाही, तिचा शोक तो कसला?’’

साळूबाई खाली बघून पदराचे टोक पिळत राहिली. मग एवढेच म्हणाली, ‘‘मला तुमच्यावानी बोलता येत न्हाई. पर आज ती मेली तर उंद्या मी काय खाऊ म्हनून रडत न्हाई मी. ती माझ्याकडं बघती, आन् मला तिच्याकडं बघवत न्हाई.’’

‘‘आणि सोमवारच्या खिरीचं काय?’’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘‘तुझ्या बाकीच्या दोघी तर भाकड. देव तुमच्या म्हशीसाठी उपाशी बसणार का? माझ्या घरी गंगा आहे, कपिला गाय. सोमवारी दूध आलं नाही तर यापुढे नैवेद्य माझ्या घरून जाईल. म्हशीचं दूध देवाला मुळात चालवून घेतलं हीच चूक.’’

साळूबाईचा चेहरा पांढराफटक पडला.  

महाराज इतका वेळ सावरीच्या शेंगेतून सुटलेली कापसाची म्हातारी हवेत तरंगताना पाहत होते. ती जमिनीला टेकली तेव्हा ते म्हणाले, ‘‘शास्त्रीबुवा, तुम्ही कधी म्हैस झाला होता?’’

लोक पुन्हा हसले. या वेळी दुसऱ्या बाजूने. शास्त्रीबुवांचे कान लाल झाले.

‘‘मीही नव्हतो झालो,’’ महाराज शांतपणे म्हणाले. ‘‘म्हणून मला ठाऊक नाही. तिला दुःख होतं का, होत असेल तर आपल्यासारखंच होतं का, की त्याला वेगळंच नाव द्यावं लागेल... फार दिवस मनात आहे हा प्रश्न. चला, तिलाच विचारू.’’

‘‘तिला वाचा कुठे आहे, महाराज?’’

‘‘आपल्याला कान आहेत ना? दोन दिवस गोठ्यात बसू. तुम्ही तुमच्या शास्त्राने पाहा, मी नुसता पाहतो. जे दिसेल ते बोलायचं, जे दिसणार नाही ते बोलायचं नाही.’’

अशी ही विलक्षण परीक्षा सुरू झाली! एक संत, एक पंडित आणि समोर न बोलणारी एक म्हैस.

शनिवारी दिवसभर दोघे गोठ्यात बसून होते. शास्त्रीबुवांनी आधी उपरण्याने जागा झाडली, मग नाकाला उपरणे लावले, मग ते विसरून गेले. चांदरी गव्हाणीकडे पाठ करून उभी होती. समोर हिरवा चारा पडून होता. ती मान लांब करून हंबरायची, खोल, जमिनीखालून आल्यासारखे. आणि मग थांबायची.

‘‘कास दुखते आहे,’’ शास्त्रीबुवा म्हणाले.

‘‘असेल,’’ महाराज म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, ‘‘पण हंबरून झाल्यावर ती कान पुढे का करते?’’

शास्त्रीबुवांनी पाहिले. खरेच, प्रत्येक हाकेनंतर चांदरी दोन्ही कान कोपऱ्याकडे वळवून तितकाच वेळ स्तब्ध राहत होती, जितका वेळ एखादे उत्तर यायला लागतो. उत्तर येत नसे. मग ती पुन्हा हाक मारी.

‘‘सवय,’’ शास्त्रीबुवा म्हणाले. पण हा शब्द उच्चारायला त्यांना थोडा वेळ लागला.

दुपारी पत्र्यासारखे ऊन तापले असताना साळूबाईची म्हातारी भाकड म्हैस आपल्या जागेवरून उठली आणि चांदरीला अंग लावून उभी राहिली. तिने आपली मान चांदरीच्या पाठीवर ठेवली.

‘‘ऊब हवी असते जनावरांना.’’

‘‘असेल. चैत्रात?’’

 शास्त्रीबुवांना जेवायला बोलावणे आले होते. त्यांनी हातानेच ‘नंतर’ म्हणून सांगितले. न्यायशास्त्रात ज्याला हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, म्हणतात, तो त्यांना हवा होता. प्रत्येक कृतीला एक हेतू, पक्का, जनावराच्या दाव्यासारखा. पण ही काळी, मुकी आकृती एकामागून एक दावी तोडत होती. आणि त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला राग येत नसून कुतूहल वाटू लागले आहे. लहानपणी नदीच्या डोहात खाली काय असेल म्हणून वाकून पाहताना वाटे, तसे.

रविवारी सकाळी धुळाप्पा पेंढ्याचे रेडकू खांद्यावर घेऊन आला. ‘‘बाजूला व्हा, शास्त्रीबुवा. शिंगाडलं तर धोतर फाटंल.’’

त्याने ते कोपऱ्यात, जिथे रेडकू बांधलेले असे तिथे, उभे केले. कातडे तेच, कानाजवळचा भोवरा तोच. पोट जरा जास्तच फुगलेले. डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके.

‘‘आता पाहा!’’ शास्त्रीबुवा पुढे सरसावले. ‘‘आता निकाल लागतो.’’

चांदरीने मान वळवली. ती एकदम पुढे आली, दावे ताणले गेले. साळूबाईने दावे सोडले. चांदरीने शेपटीपासून हुंगायला सुरुवात केली. पाठ, पोट, मान. सगळे ओळखीचे. तिची कातडी थरथरली. मग ती तोंडाशी आली आणि थांबली. तिने आपले नाक त्या नाकाला लावले, हळूच एक श्वास सोडला आणि वाट पाहिली. पुन्हा श्वास सोडला. पुन्हा वाट पाहिली. गोठ्यात कोणाला पापणी लववण्याचेही भान उरले नाही.

मग तिने तोंड फिरवले. ती भिंतीशी जाऊन, कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली. खाऱ्या पाण्याला तिची जीभ लागली नव्हती. धुळाप्पाने कासेला हात घालून पाहिला, सड कोरडे.

‘‘आसं कदी व्हत न्हाई,’’ धुळाप्पा ओशाळून म्हणाला. ‘‘जरा ऱ्हाऊंद्या. चाटंल. समद्या चाटत्यात.’’

ती दिवसभर चाटली नाही.

संध्याकाळी टेकडी उतरताना शास्त्रीबुवा महाराजांच्या मागून चालत होते. मध्येच थांबले. ‘‘महाराज, माझं अनुमान असं होतं: तिला फरक कळत नाही, म्हणून ती फसेल. ती फसली नाही.’’

‘‘नाही फसली.’’

‘‘म्हणजे तिला फरक कळतो.’’

‘‘असेल.’’

‘‘मग ती ओरडते का? तिला कळलं आहे की ते नाही, तर शोधते कशाला?’’

महाराजांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात कसलीही मात नव्हती. ‘‘शास्त्रीबुवा, इथे नाही एवढं तिला कळलं. कुठे गेलं ते तिला कोणी सांगितलंय?’’

 घरी गेल्यावर त्या दिवशी शास्त्रीबुवांनी श्लोक सांगितले नाहीत. मथुराकाकूंनी नेहमीच्या जागी पाट मांडून ठेवला होता. तो तसाच राहिला.

सोमवार उजाडला. चांदरी खाली बसली होती. जनावर पाय दुमडून बसते तसे नव्हे, तर भिंत ढासळते तसे. तिचे डोळे आत गेले होते. ‘‘उंद्याचा दिस बघायची न्हाई ही,’’ धुळाप्पा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चिरकला. साळूबाई तिच्या मानेखाली हात घालून बसली होती. शेजारी रिकामी चरवी, घासून लख्ख केलेली. खाली देवळात गुरवाने खिरीसाठी चूल पेटवली होती, आणि दूध येते की नाही हे पाहायला गावातली माणसे टेकडी चढून गोठ्याच्या अंगणात जमली होती. बायकाही आल्या. त्यांत मथुराकाकू होत्या, नेहमीप्रमाणे शब्दाविना.

‘‘गेला बाई झोऱ्यांचा मान!’’ कोणी तरी म्हणाले. ‘‘शास्त्र्यांची गंगा आता देवाची मानकरीण व्हणार!’’

हशा झाला. शास्त्रीबुवा हसले नाहीत.

महाराज आले. त्यांनी आधी साळूबाईच्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारले, ‘‘धुळाप्पा, रेडकू गेलं तेव्हा ही कुठे होती?’’

‘‘माळावर जी.’’

‘‘तिला दाखवलं?’’

‘‘छ्या! दाखवायचं नस्तंय म्हाराज. सोसत न्हाई तिला. म्हणून तर बिगीबिगी नेलं.’’

अंगणातल्या बायकांत खांबाला टेकलेल्या मथुराकाकूंनी मान वर केली. ते कोणी पाहिले नाही. शास्त्रीबुवांनी पाहिले.

कारण आठ महिन्यांपूर्वी, मथुराकाकू माहेरी आपल्या आजारी आईपाशी असताना, कृष्णीला ताप चढला आणि दीड दिवसात सगळे संपले. माहेर चार कोसांवर होते. निरोप धाडता आला असता, थांबता आले असते. पण शास्त्रीबुवांनी ठरवले की, आईला हे सोसवणार नाही. त्यांनी मुलीला नदीकाठी उंबराखाली माती दिली, घर सारवून घेतले, मुलीचे कपडे दान केले, आणि मथुराकाकू परतल्या तेव्हा उंबरठ्यातच त्यांना पहिला श्लोक सांगितला. जागा मात्र कधी सांगितली नाही. मोह वाढेल म्हणून.

महाराज पेंढ्याच्या रेडकापाशी बसले. त्यांनी धुळाप्पाकडून विळा मागून घेतला आणि पोटावरची सुतळी हळूच कापली. एक टाका, दुसरा, तिसरा. आपल्या हातांनी ते पेंढा बाहेर काढू लागले. मूठ मूठ, जखमेतून काही काढावे इतक्या जपून. लोक कुजबुजले. धुळाप्पा ‘‘म्हाराज, म्हाराज’’ करत राहिला. चार काठ्या निघाल्या. डोळ्यांवरचे टाके निघाले. उरले नुसते लहानसे कातडे, ज्याला आता कोणी रेडकू म्हटले नसते. ते दोन्ही हातांवर घेऊन महाराज चांदरीच्या समोर आले आणि जमिनीवर, तिच्या पुढ्यात त्यांनी ते पसरले.

मग ते तिच्याशी बोलले. आपण एखाद्या घरी समाचाराला जाऊन बोलतो तसे, पूर्ण वाक्यांत.

‘‘माय, तुझं लेकरू गेलं. शुक्रवारी दुपारी गेलं. तू माळावर होतीस. आम्ही तुला सांगितलं नाही. तुला सोसणार नाही असं म्हणालो. पण खरं म्हणजे तुझ्याकडे बघणं आम्हालाच सोसलं नसतं. वर खोटं लेकरू आणून ठेवलं. चुकलं आमचं.’’

कोणी तरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

चांदरीने मान पुढे आणली. कातडे हुंगले. या वेळी ती तोंडाशी थांबली नाही, उत्तराची वाट पाहिली नाही. तिने आपली हनुवटी त्या कातड्यावर ठेवली आणि डोळे मिटले. तिच्या छातीतून एक आवाज आला. तीन दिवसांची ती हाक नव्हती. हाक कोणाला तरी असते. हा आवाज कोणालाच नव्हता. तो लांबत गेला, उतरत गेला आणि शेवटी नुसता श्वास झाला. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाण्याची रेघ खाली आली, काळ्या गालावर चकाकत. शास्त्रीबुवांच्या ओठांवर ‘डोळ्यात धूळ गेली’ हे शब्द आले होते. ते त्यांनी गिळले.

किती वेळ गेला कोण जाणे. सावली गव्हाणीवरून उंबऱ्याशी आली. मग चांदरीने कातडे एकदा चाटले, एकदाच, डोक्यापासून पाठीपर्यंत, आणि ती उठली. तीन दिवस अन्नपाण्यावाचून असलेली म्हैस चार पायांवर उभी राहिली! साळूबाईने पुढे केलेले घमेलेभर पाणी ती एका दमात प्याली. आणि अहाहा, भाविकहो! कोणाचा हात लागला नव्हता, कासेखाली रेडकू नव्हते, पेंढाही नव्हता. तरी तिच्या चारही सडांतून दुधाच्या धारा सुटल्या. पांढऱ्याशुभ्र, सरळ, जमिनीत खळगे पाडणाऱ्या. देवाची पिंडी सापडली त्या दिवशी करवंदीच्या जाळीत जसा पान्हा सुटला असे पूर्वज सांगत, तसाच तो साऱ्या सावरघळीने आपल्या डोळ्यांनी पाहिला.

‘‘चरवी!’’ धुळाप्पा ओरडला. ‘‘वैनी, चरवी लाव की!’’

साळूबाई हलली नाही. ती हात जोडून उभी होती. ‘‘पयलं दूध तिच्या लेकराचं,’’ ती म्हणाली. पुढ्यात पसरलेल्या त्या कातड्यापर्यंत दूध वाहत गेले, मग तिने चरवी लावली. चरवी भरली. गुरवाचा माणूस ती डोक्यावर घेऊन टेकडीवरून धावत सुटला.

त्या गलक्यात एक आवाज आला. बारीक, गंजलेला, बरेच दिवस न उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखा.

‘‘मलाही दाखवायला हवं होतं हो.’’

सगळे वळले. मथुराकाकू बोलल्या होत्या.

शास्त्रीबुवा एकेक पाऊल मागे सरकत भिंतीला लागले. ‘‘मला वाटलं,’’ ते म्हणाले, ‘‘मला वाटलं, तुला सोसवणार नाही.’’

‘‘मला, की तुम्हाला?’’

 मथुराकाकू पुढे आल्या. त्यांचे डोळे आता कोरडे नव्हते. ‘‘रोज संध्याकाळी माझ्यापुढे श्लोक मांडायचात. मी एकेक हुंगून पाहायची. त्यात माझी कृष्णी नसायची. कुठे ठेवलीत तिला, तेवढं सांगा.’’

‘‘नदीकाठी,’’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘‘उंबराखाली. वर पांढरा दगड ठेवलाय. मी... मी रोज जातो तिथे.’’

हे कोणालाच ठाऊक नव्हते. स्वतः शास्त्रीबुवांनीही ते आजपर्यंत शब्दांत स्वतःला सांगितले नव्हते. ते गुडघ्यांवर खाली बसले, त्या दुधाने भिजलेल्या जमिनीवर, आणि लहान मुलासारखे हमसून रडू लागले. रडतच त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उठवले. ‘‘माझ्या पायाशी काय आहे, शास्त्रीबुवा? मी तर नुसता शेजारी बसलो होतो. शिकवलं तिने.’’

शास्त्रीबुवांनी चांदरीकडे पाहिले. मग तर्कशास्त्राचा तो पंडित, ज्याने म्हशीला शोक कसला म्हणून चारचौघांत हसे केले होते, तो तिच्यापुढे वाकला. त्याचे कपाळ तिच्या पुढच्या खुरांपाशी टेकले. त्याने मान वर केली तेव्हा चांदरीने आपली खरखरीत, रुंद जीभ बाहेर काढली आणि आसवांनी ओला झालेला त्याचा चेहरा चाटला. एकदा, मग पुन्हा एकदा.

महाराजांच्या डोळ्यांत हसू आणि पाणी एकत्र आले होते. ‘‘सांगा शास्त्रीबुवा, आसवं खारट असतात. ही मिठासाठी चाटते, की तुमच्यासाठी?’’

काल कोणी हे विचारले असते, तर शास्त्रीबुवांनी क्षणात उत्तर दिले असते. आज ते बराच वेळ त्या काळ्या, ओल्या डोळ्यांत पाहत राहिले. तिथे त्यांना स्वतःचे अगदी लहान प्रतिबिंब दिसत होते. त्याच्या मागे काय होते ते दिसत नव्हते.

‘‘मला माहीत नाही, महाराज,’’ ते म्हणाले.

‘‘मलाही नाही,’’ महाराज म्हणाले. ‘‘पण आता आपण दोघंही तिच्याशी खोटं बोलणार नाही.’’

त्या दिवशी सावळेश्वराला नैवेद्य थोडा उशिरा झाला. आधी सारे गाव नदीकाठी गेले. पुढे मथुराकाकू, त्यांच्या मागे शास्त्रीबुवा, आणि साऱ्यांच्या मागे महाराज. उंबराखालच्या पांढऱ्या दगडापाशी मथुराकाकू संध्याकाळपर्यंत बसल्या. शास्त्रीबुवा शेजारी बसले आणि एकही श्लोक न म्हणता त्यांनी मुलीच्या आठवणी सांगितल्या. तापात तिने शेवटी काय मागितले तेही. साळूबाईने खिरीची पहिली वाटी तिथेच आणून दिली.

तेव्हापासून सावरघळीत कोणी पेंढ्याचे रेडकू शिवत नाही. गोठ्यात लेकरू गेले, तर ते आईच्या पुढ्यात ठेवतात आणि ती स्वतःहून मान फिरवीपर्यंत घरातले माणूस शेजारी बसून राहते. धुळाप्पाचे दाभण गंजून गेले. नैवेद्याचा मान झोऱ्यांकडेच राहिला. फक्त एक गोष्ट बदलली. सोमवारी पहाटे साळूबाई ओल्या केसांनी गोठ्यात येई, तेव्हा दाराशी अनवाणी नरहरशास्त्री आधीच उभे असत. चरवी देवळापर्यंत वाहून नेण्याची सेवा त्यांनी मागून घेतली होती. धार काढून झाली की ते चांदरीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासमोर हात जोडत, डोके टेकवत. आणि मगच, भरलेली चरवी डोक्यावर घेऊन, देवाला नमस्कार करायला खाली जात.